वाकून जायचं दार

वैशाख अर्धा सरला की मला एका जागी बसवत नाही. अंगणात लिंबाखाली खाट असते, हातात अडकित्ता असतो, पण डोळे सारखे छपराकडे जातात. शाकारणीचे दिवस आलेले असतात. वर्षभरात मांजरांनी आणि वावटळींनी हलवलेलं एकेक कौल उतरवायचं, झाडायचं, फुटकं बाजूला काढायचं आणि वळचणीपासून आढ्यापर्यंत पुन्हा ओळीनं लावत न्यायचं. पाच-सहा वर्षांमागे हे मी स्वतः करत होतो. आता शिडीकडे नुसतं बघितलं तरी सून आतून ओरडते, "मामा, शिडीला हात लावायचा नाही हं!" मग मी खाली उभा राहून वरच्या गड्यांना हुकूम सोडतो. फौजेत वीस वर्षं काढलेल्या माणसाला तेवढं तरी करू द्यावं.

यंदा आलेल्या गड्यांपैकी एकाचं डोकं पहिल्याच दिवशी दाराच्या चौकटीवर आपटलं. पाणी प्यायला आत चालला होता बिचारा. आमच्याकडे नवखा माणूस आला की हे ठरलेलंच. मी ओरडेपर्यंत 'ठक्' असा आवाज झालेला असतो. मुलगा दरवर्षी म्हणतो, "दादा, बाकी राहू द्या, पण एवढी चौकट हातभर वर उचलून घेऊ." मी म्हणतो, बघू. हे 'बघू' म्हणजे काय हे त्याला आता पाठ झालंय. वसाहतीतली बाकी सगळी घरं स्लॅबची झाली, दारं उंच झाली, त्यांना नक्षीच्या काचा लागल्या. कौलारू घर उरलं ते आमचं एकच, आणि मान वाकवून आत जायचं दारही आमचंच.

कौलं निघाली की वाशांमधून एक वास खाली येतो. धुराचा, जुन्या फणसाच्या लाकडाचा, आणि थोडा डोंगरातल्या दमट हवेचा. इथं सांगलीकडच्या सपाट रानात, चहूकडे उसाचा हिरवा पसारा असताना डोंगराचा वास कुठून येणार, असं कुणीही म्हणेल. मला येतो. हे घर इथलं नाहीच. ते पाटणच्या पश्चिमेला, डोंगराच्या उतारावर साठ-सत्तर वर्षं उभं होतं, आणि मी ते तिथून उपटून इथं आणून लावलं. सत्तरच्या दशकातला तो एक वैशाख माझ्या अंगातून अजून गेलेला नाही.

तीन खणांचं घर. पुढे सोपा, मध्ये माजघर, मागे चूल. दहा खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर आढं आणि वासे. आजोबांनी एका सुताराला वर्षभर घरी ठेवून घेऊन ते बांधलं होतं. लोखंडाचा खिळा म्हणून औषधाला नव्हता. एका लाकडाला जीभ कोरायची, दुसऱ्याला खाच, जीभ खाचेत बसवायची आणि आरपार लाकडी खुंटी ठोकायची. डोंगरातला पाऊस चार महिने थांबत नाही. त्यात खिळा गंजतो आणि स्वतःभोवतीचं लाकूडही खातो. लाकडी खुंटी मात्र ओलीनं फुगते आणि सांधा आणखी घट्ट धरते. भिंती कारवीच्या. कारवीच्या काठ्या उभ्या विणून त्यांवर दोन्हीकडून माती-शेण लिंपलेलं.

कोयनेचा भूकंप झाला तेव्हा खालच्या आळीतल्या दगडी भिंती धडाधड बसल्या. आमचं घर डुललं, करकरलं आणि पुन्हा होतं तसं उभं राहिलं. लोक अंगणात पळाले. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, ते काही बाहेर आले नाहीत. सोप्यातल्या कोपऱ्याच्या खांबाला पाठ लावून बसले होते, ते तसेच बसून राहिले. त्या दिवसापासून आबांचा त्या घरावर जेवढा भरवसा होता तेवढा आम्हा कुणावर नव्हता. मला त्याचा रागही यायचा.

मग धरणाचं ठरलं. येत्या पावसाळ्यात पाणी अडणार आणि आमची वाडी पाण्याखाली जाणार, असं सांगून झालं. आम्हाला खाली सपाटीवर जागा मिळाली. राहायला तात्पुरत्या पत्र्याच्या खोल्या होत्या. आबा एकदा जाऊन बघून आले. एक दुपार पत्र्याखाली बसले आणि संध्याकाळची वाट न बघता परतीच्या वाटेला लागले. मी तेव्हा दोन महिन्यांच्या रजेवर नुकताच घरी आलो होतो. आबा सोप्यात पाय धूत म्हणाले, "त्या पत्र्याखाली माणूस भाजून निगतंय. मी काय वांगं हाय व्हय?"

मी हसलो. आबा हसले नाहीत.

"ह्ये बग शिवा," ते म्हणाले, "घर हितनं न्यायचं. हाय तसं. खिळा मारायचा न्हाई, लाकूड बदलायचं न्हाई. तितं हुबं ऱ्हायलं की मला सांगाया ये. म्या मुकाट येतु."

"आनि न्हाई हुबं ऱ्हायलं तर?"

"तर मी हितं गोठ्यात हाय. पानी ईल तवा बगू."

आबा एकदा बोलले की बोलले. आई म्हणाली, "बसू दे त्यास्नी. तू घराचं बग." पण तिचा हात भाकरी थापताना थांबला होता, तो मी पाहिला. माझ्या हाती साठ दिवस होते. त्यातले चार प्रवासातच गेले होते. पाऊस लागायच्या आत, रजा संपायच्या आत घर उभं करायचं, नाहीतर पाणी चढत असताना आमचा म्हातारा रिकाम्या वाडीत गोठ्यात बसलेला असणार आणि मी कुठंतरी सीमेवर. मनाशी म्हटलं, होऊन जाऊ दे.

घर बांधताना बघणं वेगळं आणि उतरवताना बघणं वेगळं. आधी कौलं, मग वासे, मग आढं. खुंटी उलट्या बाजूनं लाकडी मोगरीनं ठोकली की चीं असा आवाज करून बाहेर यायची. प्रत्येक खुंटीचा आवाज निराळा. आई अंगणात बसून ते ऐकत होती आणि मध्येच उठून विनाकारण मागल्या परसात जाऊन येत होती. माझी बायको तारा, लग्नाला तेव्हा दोनच वर्षं झाली होती, ती सुटलेल्या खुंट्या पोत्यात भरत होती.

मी फौजेत पूल बांधणाऱ्या पलटणीत होतो. नदीवर पूल टाकायचा तर त्याचा तुकडा न् तुकडा आकड्यानं ओळखायचा, हे आमच्या हाडीमासी खिळलेलं. तेव्हा मी गेरू कालवला, लिंबाची काडी चावून तिचा कुंचला केला आणि प्रत्येक लाकडावर नंबर घातला. वहीच्या चार पानांवर नकाशा काढला. कुठला आकडा कुठल्या शेजारी, कुठली बाजू आत, सगळं. मला स्वतःचंच कौतुक वाटत होतं. आबा गोठ्याच्या उंबऱ्यावर बसून तंबाखू मळत बघत होते.

"आकडं कशाला रं घालतुयास? ती काय कैदी हायती?"

"आबा, पुन्यांदा जोडायला सोपं जातं."

"आमच्या बापानं आकडं न घालता जोडलंय त्ये," आबा म्हणाले आणि तंबाखूची चिमूट दाढेखाली ठेवली.

वाडीपासून ट्रकच्या रस्त्यापर्यंत दोन तासांची उतरण. आसपासच्या वाड्यांतले लोक आले. ज्यांचं स्वतःचं घर उद्या-परवा उतरायचं होतं, तेही आले. खांबाला चार-चार जण लागायचे. पहिल्या दिवशी सगळं ठीक झालं. दुसऱ्या दिवशी मला हुरूप चढला. मी पुढं लागलो आणि पलटणीत देतात तशी चाल देऊ लागलो. मागचे हसत हसत पावलं टाकत होते. वळणावर घसरडी माती होती, माझा पाय गेला, खांब खांद्यावरून सुटला आणि खाली घळीत दगडावर जाऊन मधोमध दुभंगला. तो सोप्यातला कोपऱ्याचा खांब होता. ज्याला पाठ लावून आबा भूकंपात बसून राहिले होते, तोच.

मी आबांना काही सांगितलं नाही. लाकूड बदलायचं नाही, असं ते म्हणाले होते आणि मी दुसऱ्याच दिवशी त्यांचा खांब मोडून बसलो होतो. आई, तारा आणि मी त्याच संध्याकाळी शेवटच्या ट्रकबरोबर खाली निघालो. आबांचा निरोप घेताना मी त्यांच्या डोळ्याला डोळा दिला नाही. सत्तावीस वर्षांचा नाईक, छातीवर दोन फिती, आणि बापापासून पोरासारखं लपवतोय. अजून ते आठवलं की कानशिलं तापतात.

खाली सगळाच प्रकार निराळा. डोंगरात नजर दहा पावलांवर झाडाला अडते. इथं ती अडतच नाही. ऊस, पाट, लांबवर साखर कारखान्याचं धुराडं आणि काळीभोर जमीन, उन्हानं हातभर भेगाळलेली. गावात हसनचाचा म्हणून एक मिस्त्री होते. साठीचे असतील. अंगानं वाळलेले, बोटं मात्र जाडजूड. नांगर, बैलगाड्या, चौकटी करण्यात जन्म गेलेला. मी त्यांना आणायला गेलो तेव्हा ते म्हणाले, "फौजी, घर आनलंयस म्हनं बांधून! मला बगायचंच हाय. पर आदी सांग, खाली काय हाय?"

"काळी माती."

"मग आदी खनाय लाग. ही काळी लय फसवी. पावसात फुगती, उन्हात बसती. तिच्यावर घर ठिवलंस तर वरसाला वाकडं हुईल. मुरूम लागंस्तवर खन, मग जोतं घाल."

तो आख्खा दिवस चाचांबरोबर जागा आखण्यात गेला. संध्याकाळी उजेड असतानाच मी त्यांना लाकडं दाखवायला पत्र्याच्या खोल्यांकडे घेऊन आलो आणि अंगणात पाय ठेवल्याठेवल्या थिजलो.

सगळी लाकडं ओळीनं मांडलेली. ओली. चकाचक. प्रत्येक खांबावर, तुळईवर हळदी-कुंकवाची बोटं. खाली मातीत लालसर पाण्याचे ओघळ. आई पदराला हात पुसत उभी. तारा शेवटच्या वाशावर घागर रिकामी करत होती.

"आई, ह्ये काय केलंस?"

"काय म्हंजी? आंगूळ घातली."

"माझं आकडं!"

"व्हय, लाल-लाल कायतरी हुतं. लय घासाय लागलं बग." मग माझा चेहरा बघून ती थोडी घाबरली, आणि घाबरली म्हणून चिडली. "आरं, घर परक्या वाटंनं आलंय. कुना-कुनाच्या शिवंतनं आलंय. बाहेरनं आलेल्या मानसाच्या पायावर आपुन पानी घालतु का न्हाई? मग घराला तसंच आत घ्यायचं व्हय?"

तारा हळूच म्हणाली, "आवं, मला वाटलं तुमी नकाशा काडलाय की वहीत."

नकाशा होता. सतरा नंबर कुठं बसवायचा ते वहीत अगदी स्वच्छ कळत होतं. सतरा नंबरचं लाकूड कोणतं ते मात्र आता कुणालाच कळत नव्हतं. मी वही मिटली आणि दगडावर बसलो. मला ओरडायचं होतं, पण ओरडू कुणावर? आमच्या बायकांनी आयुष्यभर जे केलं तेच केलं होतं. आलेल्याला पाणी दिलं होतं. हसनचाचा खांबांच्या ओळीतून हिंडत होते, वाकून वास घेत होते, बोटं फिरवत होते. शेवटी म्हणाले, "आकडं धुतलं असतील फौजी. धूर कुटं धुतला जातुया?"

त्यांनी दाखवलं तेव्हा माझ्या ध्यानात आलं. खांबांची एक बाजू काळीशार होती, दुसरी तांबूस. काळी ती चुलीकडची. जितका काळा, तितका चुलीजवळ. खालच्या टोकाला सारवणाची पुटं, म्हणजे तो पाय. दुसऱ्या दिवशी आईच पुढं आली. खांबांमधून चालत गेली आणि एकापाशी थांबली. त्याच्यावर कमरेच्या उंचीला दोरीनं पडलेली घळ होती. "ही माझी रवी," ती म्हणाली. चाळीस वर्षं ताक घुसळून तिनंच ती घळ पाडली होती. ती घळीतून बोट फिरवत राहिली आणि मग तिनं उजव्या हाताला बोट दाखवलं. "ह्येच्या शेजारी जात्याचा कोपरा. त्यो खांब गुडघ्याएवड्याला गुळगुळीत आसंल, बग, माझा पाय लागायचा."

होता. त्या गुळगुळीत जागेवर हात ठेवला आणि मला पहाटेची घरघर ऐकू आली. ज्या तुळईवर पाळण्याच्या दोरीनं दोन खाचा पडल्या होत्या ती माजघरातली. त्या पाळण्यात मीही झोपलेला. एका खांबावर मी चाकूनं कोरलेलं वेडंवाकडं 'शि' सापडलं, त्यापायी खाल्लेला मारही आठवला. एका वाशाला कंदिलाच्या कडीचा चट्टा होता. तारा दोनच वर्षांची सून, पण तिलाही एक ओळखू आला. तिनं एका खांबाला हात लावला, आणि मी विचारलं तर म्हणाली, "नवी आले तवा म्या ह्येच्यामागं हुबी ऱ्हाऊन रडायची." मी चार पानांचा नकाशा काढला होता, आणि त्यात यातलं काहीच नव्हतं.

आठ दिवसांत जोतं झालं, खांबाखालचे दगड बसले आणि एकेक खांब उभा राहू लागला. चाचा बाभळीच्या नव्या खुंट्या तासत होते. त्यांनी एकदाच विचारलं होतं, "खिळा मारला तर काम चार दिसांत हुईल, मारू?" मी नाही म्हटल्यावर त्यांनी तो शब्द पुन्हा काढला नाही. उलट त्यांना चेव चढला. खुंटी बसली की कान लावून ऐकायचे आणि खूश होऊन मान हलवायचे. नऊ खांब उभे झाले. दहाव्याची जागा रिकामी. आता वर जाऊन आबांना सांगण्यावाचून सुटका नव्हती.

वाडी रिकामी झाली होती. छपरं गेलेली, नुसती जोती उरलेली. आबा गोठ्यापुढे घोंगडं टाकून बसले होते. मी उभ्या-उभ्याच सांगून टाकलं. "आबा, तुमचा खांब मोडला. माझ्या हातनं मोडला. माझाच पाय घसरला."

ते बराच वेळ घळीकडे बघत राहिले. मला वाटलं, आता म्हणतील, मग झालं तर, मी येत नाही. मग ते म्हणाले, "ठावं हाय मला. दुसऱ्या दिशीच घळीत जाऊन बगून आलु."

"मग बोलला न्हाईसा ते?"

"तू कवा सांगतुयास त्ये बगत हुतु."

ते उठले, गोठ्याच्या माळ्यावर चढले आणि म्हणाले, "धर खालनं." माळ्यावर धुरकटलेल्या गवताखाली फणसाचं तासलेलं, चौकोनी लाकूड होतं, खांबाच्या मापाचं. परसातला एक फणस वादळात पडला तेव्हा त्यांनी ते राखून ठेवलं होतं. "तुज्या घराला म्हून ठिवलं हुतं. न्हे. बुंधा खाली ठिव मातूर. झाड हुबं हुतं तसंच खांब हुबा पायजे. घरात उलटं झाड नगं."

मी इतका सुटल्यासारखा झालो होतो की पुढचं विचारायचं राहूनच गेलं. शेजारच्या वाडीतले चौघे बोलावून लाकूड खाली पोचवलं, चाचांपुढे ठेवलं, ते म्हणाले, "बुंधा कुटला?" आणि मी त्यांच्याकडे बघत राहिलो. दोन्ही टोकं सारखी. तासताना गाठी उडालेल्या. पुन्हा वर जाऊन यायचं म्हणजे दोन दिवस, आणि माझ्याकडे दिवस मोजकेच.

"पान्याला इच्चारू," चाचा म्हणाले.

शेजारच्या मळ्यातल्या विहिरीत आम्ही ते लाकूड दोरांनी सोडलं. काठावर वीस-पंचवीस माणसं जमली. धरणवाले विहिरीत खांब बुडवतायत ही बातमी तेवढ्यात गावभर झाली होती. लाकूड आधी गरगरलं, मग स्थिर झालं आणि त्याचं एक टोक हळूहळू चार बोटं खाली गेलं. "त्यो बुंधा," चाचा म्हणाले. "जड टोक ते मुळाकडचं." त्यांनी कानावरची पेन्सिल काढून तिथं फुली मारली. मी म्हटलं, "चाचा, ह्याला आंगूळ झाली, आता आईला सांगू नका." ते इतके हसले की त्यांना ठसका लागला.

पुढचे दिवस नुसते मातीचे. डोंगरातून आणलेल्या कारवीचे भारे आई आणि तारानं वाखाच्या दोरीनं विणले. पहिला लेप काळ्या मातीचा दिला आणि दोन दिवसांत त्याला पायाच्या टाचेसारख्या भेगा पडल्या. आईनं तो स्वतःच्या हातानं सगळा खरवडून काढला, कुणाला मदतीलाही येऊ दिलं नाही. मग चाचांनी जुन्या गावठाणातली पांढरी माती दाखवली. तिच्यात भुसा आणि शेण घालून आम्ही पायांनी तुडवली. संध्याकाळी पोटऱ्यांतून गोळे यायचे. हाताची कातडी सोलवटली होती. शेजारचे पत्र्याखालचे लोक बघायला यायचे आणि म्हणायचे, फौजीला खूळ लागलंय. मग त्यातलेच चौघे-पाचजण मागं राहून माती तुडवायचे. त्यांची घरं तशीच लाकडं होऊन अंगणात पडली होती. आमचं उभं राहतंय का, ते त्यांना बघायचं होतं.

चौकट बसवायच्या दिवशी मीच तिच्यावर दोनदा आपटलो. चाचा कपाळावरचं टेंगूळ बघून म्हणाले, "फौजी, आता संदी हाय. हातभर वर घिऊया. तुमी डोंगरातली मानसं थंडीवाऱ्याला भिऊन बुटकं दार करतायसा. हितं कशाला?"

खरंच होतं. डोंगरात वारा-पाऊस आत घुसू नये म्हणून दार बुटकं. इथं वारा कुठला आणि तसला पाऊस कुठला! माझ्या उंचीला तर ते दार म्हणजे शिक्षाच. मी कपाळ चोळत उभा राहिलो. होय म्हणणं अगदी ओठांवर आलं होतं. पण आबा 'हाय तसं' म्हणाले होते, आणि खांबाच्या बाबतीत मी त्यांचा शब्द एकदा मोडला होता. "नगं चाचा," मी म्हटलं. "हुतं तेवडंच."

कौलं चढली. आईनं जमीन सारवली. रजेचे पाच दिवस उरले होते आणि पश्चिमेकडे दुपारी ढग जमू लागले होते. मी आबांना आणायला वर गेलो. "हुबं ऱ्हायलं," एवढंच म्हणालो. त्यांनी घोंगडं झटकलं, काठी घेतली. गोठ्याच्या उंबऱ्यावरची चिमूटभर माती उचलून धोतराच्या सोग्यात बांधली आणि चालू लागले. मागं वळून बघितलं नाही. मी बघितलं.

ट्रकमधून उतरून ते वसाहतीत शिरले. अंगणात येऊन थांबले. पाठीमागं डोंगर नाही, परसात फणस नाही, आणि मध्येच आपलं घर. मला एकदम वाटलं, चुकलं आपलं. सगळं लाकूड त्याच जागी आहे, पण हे घर ते नाहीच. आबा तोंड फिरवतील आणि परत चालू लागतील. हसनचाचा लिंबाच्या रोपाशी उभे होते. आई सोप्याच्या पायरीशी तांब्या घेऊन उभी होती. तिनं आबांच्या पायावर पाणी घातलं.

आबा सोप्यात चढले. कोपऱ्याचा खांब नवा, तांबूस, धुराचा डाग नसलेला. त्याच्यावर त्यांनी हात ठेवला.

"बुंधा?"

"खाली हाय."

"मी सांगिटलं नव्हतं कुटला ते. मागनं ध्यानात आलं. दोन दिस जिवाला घोर. कसा वळखलास?"

"पान्यात सोडला. पान्यानं सांगिटलं."

आबांनी माझ्याकडे बघितलं. मग चाचांकडे. "गाव न्हेलं पान्यानं," ते म्हणाले, "एवडं तरी सांगिटलं म्हनायचं." आणि काठी खांबाला टेकवून, सोग्याची गाठ सोडत, आईशी चुलीचं काहीतरी बोलत ते दाराकडे वळले. त्यांचं लक्ष गाठीकडे होतं. दाराकडे त्यांनी पाहिलंही नाही. मी ओरडणार होतो. पण दार आलं आणि त्यांची मान आपोआप खाली गेली. पाय उंबऱ्याला जेवढा उचलावा लागतो तेवढाच उचलला गेला, आणि ते आत गेले. केसालाही चौकट शिवली नाही.

माझ्या डोळ्यांपुढचं सगळं पुसट झालं. दीड महिना ज्याच्यासाठी राबलो ते हेच होतं आणि ते मलाच ठाऊक नव्हतं. हसनचाचांनी खांद्यावरच्या फडक्यानं तोंड पुसलं आणि दुसरीकडे बघितलं. मी अंगणातच उभा होतो. आतून आबांचा आवाज आला, घरच्या माणसानं बाहेरच्याला हाक मारावी तसा.

"भाईर का हुबा रं? ये की आत. आनि डोस्कं सांभाळ."